डोंगरावरची हजेरी



शाळेत मी रोज सकाळी हजेरी घेते. तेव्हा एखादी स्वारी 'हजर' म्हणायचं सोडून खिडकीबाहेरच्या चिमण्या मोजत असते. हजेरी म्हणजे कंटाळा, असं तुम्हाला वाटतं ना? खरं सांगू का, कधी कधी मलाही वाटायचं. पण जानेवारीतल्या एका रविवारी राजमाचीच्या डोंगरावर मी हजेरी घेतली, ती एकाने कमी भरली. त्या दिवसापासून हजेरीचा अर्थ मला नीट कळला. तीच गोष्ट आज सांगते.

आम्ही निघालो सात जण. मी, माझा भाऊ आणि पाच मुलं. माझा भाऊ जनावरांच्या दवाखान्यात काम करतो. माझी छकुली त्याला मामा म्हणते, म्हणून तो सगळ्या गल्लीचाच मामा झालाय. छकुली चौथीत. दोघी जुळ्या बहिणी पाचवीत. चष्मिस सहावीत. आणि गोट्या सातवीत. ही सगळी लाडाची नावं बरं का! पटावरची नावं वेगळी आहेत.

राजमाची कुठे आहे माहीत आहे ना? बोरघाटाच्या शेजारी, दाट जंगलात. कोकणातून देशावर जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवण्यासाठी हा किल्ला. त्याची गंमत अशी, की याला बालेकिल्ले दोन! एक श्रीवर्धन आणि दुसरा मनरंजन. श्रीवर्धन उंच, मनरंजन त्याच्याहून थोडा बुटका. दोघांच्या मधल्या खिंडीत भैरवनाथाचं देऊळ आणि जवळच उधेवाडी नावाची छोटी वाडी. लोणावळ्याहूनही तिथे जाता येतं. पण आम्ही कर्जतच्या बाजूने, कोंदिवडे गावातून चढायचं ठरवलं. एका दिवसात दोन्ही शिखरं करायची आणि अंधार पडायच्या आत खाली, असा बेत. गोट्याने तर श्रीवर्धनच्या माथ्यावर फडकवायला घरून छोटा भगवा झेंडाही आणला होता.

पहाटेची लोकल, मग कर्जतहून रिक्षा, असं करत सातच्या सुमाराला आम्ही कोंदिवड्याला पोचलो. थंडी अशी, की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. टपरीवर चहा घेत होतो, तेवढ्यात दोन कुत्री शेपट्या हलवत आली. एक काळा, त्याचा एक कान फाटलेला. दुसरी तांबूस, अंगाने सडसडीत. गोट्याने खिशातून बिस्किटाचा पुडा काढला.

मी म्हटलं, "अरे, एकदा दिलंस की मागे येतील हं!"

"येऊ देत की बाई! सोबत होईल!" गोट्या म्हणाला आणि दोन बिस्किटं टाकलीसुद्धा.

मी आणखी काही बोलले नाही. ही माझी पहिली चूक.

निघताना मी मोजलं, "एक, दोन, तीन... सात. चला!"

छकुली म्हणाली, "आई, चुकलीस! नऊ आहेत!"

बघते तर काय, काळा आणि तांबडी ओळीत उभे! जुळ्यांनी लगेच बारसंही उरकलं. काळ्या आणि तांबी. मग काय विचारता! खाऊला पाच धनी होते, त्यांचे सात झाले.

तासाभरात कोंढाण्याची लेणी लागली. दोन हजार वर्षांहून जुनी ही बौद्ध लेणी डोंगराच्या कुशीत झाडीत लपलेली आहेत. लाकडात कोरावं तसं नाजूक काम दगडात केलंय. तिथे ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरलेली आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं, असा तिचा अर्थ. म्हणजे बघा, एवढं मोठं काम करूनही त्या कारागिराने आपल्या नावाआधी आपल्या गुरूचं नाव घातलं! मी हे मोठ्या कौतुकाने सांगत होते, आणि माझे शिष्य? ते काळ्याच्या पोटाला गुदगुल्या करत होते.

लेण्यांच्या पुढे खरी चढण सुरू झाली आणि जंगल दाट झालं. हिरडा, जांभूळ, अंजनी, मधूनच करवंदाच्या जाळ्या. कारवीचं तर रानच. कारवी साधारण सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. तिच्या काठ्यांच्या भिंती करून वर शेणामातीचा लेप देतात, त्याला कुड म्हणतात. कुठेतरी तांबट पक्षी टुक्‌ टुक्‌ करत होता. आम्ही वाट डोळ्यांनी बघत होतो, कुत्री मात्र नाकाने वाचत होती. जमिनीला नाक लावून दहा पावलं, मग थांबून हवेत हुंगणं, मग पुन्हा जमीन.

मामा म्हणाला, "आपल्यासाठी ही नुसती पायवाट. त्यांच्यासाठी वर्तमानपत्र आहे! रात्री इथून कोण गेलं, किती वेळापूर्वी गेलं, सगळं त्यांना वासाने कळतं."

"मामा, काळ्याला घाम कसा येत नाही?" चष्मिसने विचारलं. तो स्वतः घामाने निथळत होता.

"कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडाफार येतो तो पंजाच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. म्हणून चढावर त्याला आपल्याइतकंच, कधी आपल्यापेक्षा जास्त पाणी लागतं."

लगेच जुळ्यांनी डब्याचं झाकण वाडग्यासारखं धरून दोघांना पाणी पाजलं. चष्मिसने उदार होऊन चॉकलेट सोलायला घेतलं. मामाने त्याचा हात धरला. "थांब! चॉकलेट कुत्र्याला विषासारखं आहे. द्राक्षं, मनुका, कांदासुद्धा नाही. त्यांना कोरड्या पोळीचा तुकडा पुरे."

असं मजेत चाललं होतं आणि एकदम काळ्या थबकला. मानेवरचे केस उभे. पुढच्या झाडीतून आवाज आला, "भॉक्‌!" कुत्रं भुंकावं तसा, पण घोगरा.

"अय्या, तिसरं कुत्रं!" धाकटी जुळी म्हणाली.

ते कुत्रं नव्हतं, भेकर होतं. छोट्या हरणासारखा लाजाळू प्राणी. धोका दिसला की तो असा भुंकतो. आम्हाला त्याची तांबूस पाठ क्षणभर दिसली आणि त्याच क्षणी तांबी बाणासारखी सुटली. पाला तुडवल्याचा आवाज, फांद्या मोडल्याचा आवाज. मुलं ओरडायला लागली, "तांबी, पकड! पकड!"

मला राग आला. खरंच आला. "गप्प बसा सगळे! काय पकड? ते भेकर इथे राहतं. हे त्याचं घर आहे. त्याचं पिल्लू इथेच कुठेतरी लपलेलं असलं तर? आपण पाहुणे आहोत, आणि पाहुण्यांनी घरात शिकारी आणलाय!"

सगळे चिडीचूप. दहा मिनिटांनी तांबी धापा टाकत परत आली. तोंडाला रक्त नव्हतं, एवढंच समाधान. मामाने मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली. कुत्र्यांचे रोग जंगलातल्या प्राण्यांनाही होऊ शकतात. २०१८ साली गुजरातमधल्या गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांतल्या काहींना कॅनाइन डिस्टेंपर नावाचा रोग झाल्याचं आढळलं. हा रोग मुख्यतः कुत्र्यांमध्ये दिसतो. म्हणूनच अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पाळीव कुत्रं नेऊ देत नाहीत.

"म्हणजे आपण यांना आणायलाच नको होतं?" गोट्याने हळूच विचारलं.

मी म्हटलं, "नको होतं. पण आता आणलंय. आता त्यांना जपून परत न्यायचं."

बोलून तर गेले. पण बोलणं सोपं असतं, मुलांनो!

साडेअकराला उधेवाडी आली. वाडीत पाऊल टाकायचा अवकाश, चार-पाच कुत्री गुरगुरत पुढे आली. 'आपल्या गल्लीत कुत्रासुद्धा वाघ असतो' ही म्हण पाठ केली असेल, आम्ही ती डोळ्यांनी पाहिली. कोंदिवड्यात ऐटीत चालणारी तांबी शेपूट पायांत घालून आमच्यामागे दडली. काळ्याने दोन-तीन वेळा दात दाखवले, पण त्याचाही आवाज बसला होता. शेवटी एका घरातले आजोबा काठी आपटत आले, तेव्हा ती टोळी मागे सरली. त्याच घरी आम्ही जेवलो. चुलीवरचं पिठलं, तांदळाची भाकरी आणि ठेचा. ठेच्याने चष्मिसच्या चष्म्याला वाफ आली!

जेवून मनरंजनकडे निघालो. झाडीतली वाट, मग पडके दरवाजे, मग मोकळा वारा. माथ्यावर पाण्याची टाकी आहेत, वाड्याचे अवशेष आहेत. समोर श्रीवर्धन, उत्तरेला ढाकचा डोंगर, खाली उल्हास नदीचं हिरवंगार खोरं. मुलं हरखून गेली. मी मोजलं, "एक, दोन... सात." छान! खाली उतरलो. भैरवनाथाच्या देवळाशी आलो. आता श्रीवर्धन! गोट्याने झेंडा हातात घेतला. मी पुन्हा मोजलं, "सात."

छकुली म्हणाली, "आई, आठच आहेत. तांबी नाहीये."

तुम्हाला आठवतं ना, छकुलीने सकाळी काय सांगितलं होतं? नऊ! आणि मी बाई असून माथ्यावर सातच मोजले होते. ही माझी दुसरी चूक.

"तांबीला शेवटी कुणी पाहिली?" मी विचारलं. एक जण म्हणे, देवळाशी होती. दुसरी म्हणे, जेवताना होती. तिसरा म्हणे, माथ्यावर आली होती बहुतेक. 'बहुतेक' हा शब्द मला त्या दिवशी फार टोचला.

चष्मिस म्हणाला, "बाई, कुत्र्यांना वाट सापडते. जाईल ती खाली एकटी. नाहीतर आपलं श्रीवर्धन राहील."

त्याचंही चूक नव्हतं. घड्याळात दीड वाजला होता. जंगलातून खाली उतरायला तीन तास धरले, तर तीनच्या आत निघायला हवं. श्रीवर्धन करायचं तर आत्ताच चढायला हवं होतं. दोन्ही जमणार नव्हतं.

मी वाडीतल्या त्या आजोबांना विचारलं, "आमच्या मागे आलेली तांबडी कुत्री दिसली का हो?"

"मघाशी आमच्या कुत्र्यांनी तिला तळ्याकडं पळवली," ते म्हणाले. "अंगात जोर असंल तर जाईल खाली. पण रात्र झाली म्हंजे कठीण. बिबट्या फिरतो हितं. त्याला कुत्रं लई आवडतं." मग थोडं थांबून म्हणाले, "तुम्हीच आणलीत ना तिला? मंग तुम्हीच न्या."

चार शब्दांचं वाक्य. पण माझ्या डी.एड.च्या पुस्तकांत मला एवढा सोपा धडा कुठे वाचल्याचं आठवत नाही.

मी मुलांकडे पाहिलं. कुणालाच काही सुचेना. मग गोट्याने तो झेंडा गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. "बाई, बिस्किट मी टाकलं होतं," तो म्हणाला. "चला, तळ्याकडे जाऊ."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पाहिलं नाहीसं केलं.

आम्ही तळ्याकडे गेलो. "तांबी, तांबी" अशा हाका मारल्या. पण विचार करा, ते नाव आम्ही ठेवलेलं, सकाळचं. ती कशाला ओ देणार? शेवटी शोधलं काळ्यानेच. तळ्याजवळच्या जुन्या शंकराच्या देवळापलीकडे तो धावत गेला आणि एका जाळीपाशी उभा राहून कुईं कुईं करायला लागला. जाळीत तांबी अंग चोरून बसली होती. पुढचा डावा पंजा वर धरलेला. गादीत काटा खोल रुतला होता.

छकुली तिला जवळ घ्यायला धावली. मामा ओरडला, "मागे व्हा सगळे! दुखावलेलं कुत्रं कितीही गरीब असो, वेदनेने चावू शकतं." त्याने आधी तिच्याशी हळू आवाजात बोलत राहून तिला हात हुंगू दिला. मग रुमालाची सैलसर मुसकी बांधली, आणि मगच काटा काढला. जखम पाण्याने धुतली, पट्टी बांधली आणि लगेच मुसकी सोडली. कुत्रं तोंडाने धापा टाकतं ना, तोंड फार वेळ बांधून ठेवायचं नसतं! तांबीने त्याचा हात चाटला. मामाने आधी साबणाने हात धुतले आणि मगच सुटकेचा श्वास टाकला.

पावणेतीनला आम्ही उतरायला लागलो. तांबी तीन पायांवर लंगडत होती. अवघड उतारावर मामाने तिला खांद्यावर घेतलं, धनगर कोकराला घेतात तसं. त्याची पिशवी गोट्याने घेतली. जुळ्यांनी पाणी सांभाळलं. चष्मिस पुढे जाऊन सुट्या दगडांची खबर देत होता. सकाळी बडबड करत चढलेली मुलं आता एकमेकांना हात देत उतरत होती. दर अर्ध्या तासाने मी हजेरी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून म्हणायचं, "नऊ!"

कोंदिवडं आलं तेव्हा सूर्य डोंगराआड गेला होता. गावाच्या तोंडाशी एक आजी उभी होती. हातात भाकरी. आम्हाला पाहून ती पुढे आली, आणि मामाच्या खांद्यावरून तांबी अशी धडपडली, की त्याला तिला खाली ठेवावंच लागलं.

"आगं राणे, कुठं गेली व्हतीस दिसभर? सकाळधरनं हाका मारतीय!"

राणी! आमची तांबी कुणाची तरी राणी होती. तिला घर होतं. आम्ही मात्र एका बिस्किटावर तिला बेवारस ठरवून डोंगरावर घेऊन गेलो होतो. गोट्या पुढे झाला. आजीच्या पाया पडला आणि म्हणाला, "आजी, चुकलं आमचं. मी बिस्किट दिलं म्हणून ती आली." आजी हसली. म्हणाली, "आणून सोडलीस ना बाळा? मंग झालं तर!" काळ्या कुणाचा, ते विचारायची गरजच पडली नाही. तो केव्हाच टपरीखाली त्याच्या पोत्यावर जाऊन झोपला होता.

परतीच्या लोकलमध्ये मी मुलांना युधिष्ठिराची गोष्ट सांगितली. पांडव हिमालयात अखेरच्या प्रवासाला निघाले, तेव्हा एक कुत्रा त्यांच्या मागे चालू लागला. वाटेत एकेक जण पडला. शेवटी उरले युधिष्ठिर आणि तो कुत्रा. इंद्र रथ घेऊन आला आणि म्हणाला, तू चल, कुत्र्याला सोड. युधिष्ठिर म्हणाला, विश्वासाने सोबत आलेल्याला सोडून मला स्वर्गही नको. तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता, असं महाभारतात सांगितलंय.

गोट्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "बाई, श्रीवर्धन राहिलंच."

"डोंगर कुठे जातोय? पुढच्या हिवाळ्यात जाऊ."

"जाऊ. पण बिस्किटाचा पुडा गाव मागे पडल्यावरच उघडायचा!"

मुलांनो, माणूस आणि कुत्रा यांची मैत्री १४ हजार वर्षांहून जुनी आहे. ती मैत्री टिकवायची तर एवढं लक्षात ठेवा.

१. पायथ्याच्या गावातल्या कुत्र्यांना खाऊ टाकून मागे आणू नका. आपोआप आलीच, तर गावाच्या वेशीवरच कुणाला तरी सांगून थांबवा.

२. स्वतःचं पाळलेलं कुत्रं डोंगरावर न्यायचं असेल, तर तिथे परवानगी आहे का ते आधी विचारा. त्याला लस टोचलेली हवी आणि गळ्यात पट्टा-दोरी हवी. जंगलात दोरी सोडायची नाही.

३. त्याच्यासाठी वेगळं पाणी आणि भांडं घ्या. ऊन तापलं, की कातळावर त्याचे पंजे भाजतात. म्हणून पहाटे निघा, दुपारी सावलीत थांबवा.

४. अनोळखी कुत्र्याच्या अंगाला हात लावू नका. आमच्या मुलांनी काळ्याला गुदगुल्या केल्या, तेही चूकच होतं. खाताना, झोपेत किंवा पिल्लांजवळ असताना तर कुत्र्याच्या जवळही जाऊ नका.

५. कुत्रं चावलं किंवा त्याचं नख लागलं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवा, घरी सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आई रागावेल म्हणून लपवू नका. पिसाळण्याच्या रोगाची लक्षणं दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य असतं, पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो.

घरचा अभ्यास : या रोगावरची लस १८८५ साली पहिल्यांदा एका लहान मुलाला देण्यात आली. ती तयार करणारा शास्त्रज्ञ कोण? शोधून काढा आणि वर्गात सांगा.

आणि आई-बाबांसाठी दोन शब्द. मुलं कुत्र्याचं पिल्लू हवं म्हणून हट्ट धरतात, तेव्हा 'हो' म्हणण्याआधी त्यांना हा प्रश्न जरूर विचारा : "आणशील, पण शेवटपर्यंत सांभाळशील का?" उत्तराची घाई करू नका. गोट्याला ते उत्तर सापडायला एक अख्खा डोंगर चढून उतरावा लागला.

तुमची,
शाळेबाहेरची बाई